उंब्रियाला पहिल्यांदा जाताना: खोऱ्यापासून माथ्यापर्यंतची वाट

इटलीच्या द्वीपकल्पात समुद्रकिनारा नसलेला आणि दुसऱ्या कोणत्याही देशाच्या सीमेला न भिडणारा एकच प्रांत आहे, तो म्हणजे उंब्रिया. रोमच्या उत्तरेला आणि फ्लॉरेन्सच्या आग्नेयेला पसरलेल्या या प्रांताचे क्षेत्रफळ सुमारे ८,४५० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या सांगली जिल्ह्याएवढे आहे. लोकसंख्या मात्र साडेआठ लाखांच्या आसपास, सांगलीच्या एक तृतीयांशाहूनही कमी. एवढ्याशा जागेत पाहण्यासारखे असेल तरी किती, असे वाटून बहुतेक प्रवासी रोमहून सकाळी निघतात, असिसीचे बॅसिलिका, म्हणजे संत फ्रान्सिसचे मोठे चर्च, पाहतात आणि रात्री परततात. या पद्धतीने एक चर्च पाहून होते, पण प्रदेश पाहायचा राहून जातो. उंब्रियात दोन ठिकाणांमधले अंतर किलोमीटरमध्ये मोजून फारसे काही कळत नाही, कारण ते मीटरमध्ये, खालून वर मोजावे लागते. पहिल्यांदा जाणाऱ्याने हा एक हिशोब पक्का केला, तर मुक्काम कुठे करावा, कोणत्या महिन्यात जावे, गावात कसे शिरावे आणि ताटात काय मागावे, या सगळ्यांची उत्तरे त्यातून निघत जातात. पुढील टप्पे त्याच क्रमाने मांडले आहेत.

१. नकाशा आधी उंचीने वाचावा

प्रांताचा सुमारे सत्तर टक्के भाग टेकड्यांचा आणि उरलेला बहुतेक सगळा डोंगरांचा आहे. सपाट जमीन आहे ती नद्यांच्या खोऱ्यांत, अरुंद पट्ट्यांमध्ये. त्यांतला सर्वांत मोठा आणि नवख्याला सर्वांत उपयोगी पट्टा म्हणजे पेरुजाच्या पायथ्यापासून असिसी, स्पेल्लो, फोलिन्यो, त्रेवी यांच्या खालून स्पोलेतोपर्यंत जाणारे खोरे, ज्याला वाल्ले उंब्रा म्हणतात. हे खोरे समुद्रसपाटीपासून साधारण २०० मीटरवर आहे. इतिहासकाळात त्याचा बराच भाग पाणथळ होता. दलदल, पूर आणि हिवताप यांमुळे माणसे वर, उतारावर राहत, आणि पाण्याचा निचरा करत करत खालची जमीन लागवडीखाली आली ती पुढच्या शतकांत. रेल्वे आली तेव्हा रूळ साहजिकच खालच्या सपाटीवरून गेले. म्हणूनच आजही बहुतेक गावांची स्थिती अशी आहे, की स्टेशन, कारखाने, सुपरमार्केट आणि नवी वस्ती खाली, तर जुने गाव वर.

खोऱ्याच्या वर, साधारण २५० ते ६०० मीटरच्या दरम्यान, ऑलिव्हचा पट्टा लागतो. असिसीपासून स्पोलेतोपर्यंत डोंगरांच्या कुशीने हा करडा-हिरवा पट्टा जवळजवळ अखंड दिसतो. हिवाळ्यात थंड हवा जड होऊन खोऱ्यात साचते आणि तळाशी कडक दहिवर पडते, म्हणून झाडे उतारावरच तग धरतात. १९५६ आणि १९८५ सालच्या हिमलाटांत तर मध्य इटलीतील असंख्य ऑलिव्ह झाडे करपली, त्यामुळे बुंधा म्हातारा आणि फांद्या तरुण अशी झाडे इथे जागोजागी आढळतात. ऑलिव्हच्या पट्ट्यातच तटबंदीची गावे आहेत: स्पेल्लो २८० मीटरवर, त्रेवी आणि असिसी चारशेच्या थोडे वर, तर पेरुजा पाचशेच्या जवळ. त्याहून वर ओक आणि बीच वृक्षांची राने, आणि सर्वांत वर बोडके गवताळ माथे. असिसीच्या पाठीशी असलेला सुबासिओ डोंगर १,२९० मीटर उंच आहे. खालून पाहिले तर गावापर्यंत ऑलिव्ह, गावाच्या वर रान आणि माथ्यावर केवळ कुरण, हे सगळे थर एका नजरेत मोजता येतात. पहिल्या दिवशी खोऱ्यात उभे राहून हे एवढे जरी करून पाहिले, तरी पुढचा प्रवास सोपा जातो.

आडव्या दिशेने लक्षात ठेवण्याजोगी रेषा एकच, ती म्हणजे तेव्हेरे, अर्थात टायबर नदी. रोमला पोहोचण्याआधी ती उंब्रियातून उत्तर-दक्षिण वाहते. प्राचीन काळी तिच्या पश्चिमेला एट्रुस्कन लोक होते आणि पूर्वेला उंब्री, ज्यांच्यावरून प्रांताला नाव मिळाले. पेरुजा आणि ओर्विएतो ही एट्रुस्कन नगरे, तर गुब्बिओ हे उंब्रींचे. गुब्बिओच्या पालाझ्झो देई कोन्सोली या जुन्या नगरभवनात उंब्री भाषेतील धार्मिक विधींचे सात कांस्यपट आहेत. ही भाषा आज आपल्याला जेवढी कळते, तेवढी मुख्यतः या पटांमुळेच कळते.

२. पायाखालचा दगड ओळखावा

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाची नजर काळ्या बेसॉल्टला, सपाट माथ्यांना आणि पावसाळ्यात कड्यावरून कोसळणाऱ्या पाण्याला सरावलेली असते. उंब्रियाचे पूर्वेकडील डोंगर चुनखडीचे, म्हणजे एकेकाळच्या समुद्रतळाचे आहेत. चुनखडीत पाणी मुरते, आतल्या भेगांतून वाहते आणि पायथ्याशी कुठेतरी एकदम झऱ्यांच्या रूपाने वर येते. त्यामुळे माथे कोरडे आणि पायथे ओले, असे चित्र दिसते. स्पोलेतो आणि त्रेवी यांच्या दरम्यान असलेले क्लितुन्नोचे झरे हे याचे सोपे उदाहरण आहे. हमरस्त्याच्या कडेलाच, झाडांच्या सावलीत, तळ दिसेल असे निवळ पाणी जमिनीतून उमलत असते.

या चुनखडीचा गुलाबी थर स्काल्या रोस्सा या नावाने ओळखला जातो. असिसीच्या भिंतींना संध्याकाळी जो गुलाबी रंग चढतो, तो याच दगडाचा. आणि याच थरात, गुब्बिओजवळच्या बोत्ताचोने घळीत, साधारण एक सेंटीमीटर जाडीची मातीची एक पट्टी आहे. तिच्यात इरिडियम हे मूलद्रव्य नेहमीच्या सुमारे तीसपट सापडले, आणि त्या आधारावर लुईस व वॉल्टर आल्व्हारेझ या पितापुत्रांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८० साली असे मांडले, की ६.६ कोटी वर्षांपूर्वी मोठा अशनी पृथ्वीवर आदळून डायनोसॉर नष्ट झाले. मराठी वाचकाला या घळीत जवळचे वाटावे असे कारण आहे: त्याच काळाच्या आसपास दख्खनचा लाव्हा वाहत होता, आणि त्या विनाशात दख्खनच्या ज्वालामुखींचा वाटा किती, हा वाद पुढे कित्येक वर्षे गाजला. आपल्या घाटांतला काळा दगड आणि गुब्बिओची ही बोटभर पट्टी एकाच प्रश्नाचे दोन साक्षीदार आहेत. घळ गावाच्या वेशीबाहेर रस्त्यालगतच असल्याने तिथवर चालत जाता येते.

नैर्ऋत्येकडील ओर्विएतो मात्र या सगळ्याला अपवाद आहे. ते ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ तुफा दगडाच्या उभ्या कड्यावर वसले आहे. हा दगड सहज कोरता येतो, म्हणून गावाच्या पोटात शेकडो तळघरे, कबुतरखाने आणि विहिरी आहेत.

दगडाविषयी आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. आपेनाइन पर्वत, म्हणजे इटलीच्या कण्यासारखी पसरलेली डोंगररांग, अजून स्थिरावलेला नाही. तो आडवा ताणला जात आहे, त्या ताणातूनच ही सपाट खोरी खचून तयार झाली आहेत, आणि त्यामुळे इथे भूकंप होतात. २६ सप्टेंबर १९९७ रोजी असिसीच्या दुमजली बॅसिलिकातील वरच्या चर्चच्या छताचा भाग कोसळून पाहणी करणारे चौघे जण मृत्युमुखी पडले. ३० ऑक्टोबर २०१६ रोजी नॉर्चाजवळ ६.५ तीव्रतेचा धक्का बसला, आणि तिथल्या संत बेनेडिक्टच्या बॅसिलिकाची दर्शनी भिंत तेवढी उभी राहिली. घाबरण्याचे कारण नाही. मात्र निवासस्थानी पोहोचल्यावर बाहेर पडण्याचा मार्ग पाहून ठेवावा आणि जुन्या चर्चबाहेर बांधकामाची परांची दिसली तर वेळापत्रकाची खात्री करूनच पुढचा बेत ठरवावा.

३. महिना निवडताना आपला पावसाळा विसरावा

महाराष्ट्रात जुलै-ऑगस्ट म्हणजे हिरवाई. उंब्रियात याच महिन्यांत डोंगर पिवळे पडतात, कारण तिथला उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस मुख्यतः शरद ऋतूत, तसेच वसंतात पडतो. या प्रांताला ‘इटलीचे हिरवे हृदय’ म्हणतात, ते वाचून ऑगस्टमध्ये गेलेल्या माणसाची निराशा होते. कापणी झालेली शेते, वाळके गवत आणि पस्तीस अंशांच्या घरात जाणारे ऊन त्याच्या वाट्याला येते. हिरवा रंग पाहायचा असेल तर एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे हे महिने निवडावेत.

माझे मत विचाराल तर पहिल्या भेटीसाठी दोनच काळ उत्तम: मे महिना, किंवा ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे दिवस. मेमध्ये दिवस मोठा असतो, आणि १५ मे रोजी गुब्बिओत ‘चेरी’ची शर्यत असते, ज्यात तीन संतांचे पुतळे बसवलेले लाकडाचे प्रचंड स्तंभ खांद्यावर घेऊन गडी गावातून धावत इंजिनो डोंगरावरच्या संत उबाल्दोच्या बॅसिलिकापर्यंत चढतात. विशेष म्हणजे संत उबाल्दोचा स्तंभ नेहमीच पहिला पोहोचतो; या शर्यतीत कोणी कोणाला मागे टाकत नाही, पाहिले जाते ते स्तंभ किती वेगाने आणि किती सरळ गेला, एवढेच. शरद ऋतूत ऑलिव्हची तोडणी सुरू होते, तेलाच्या घाण्या चालू होतात आणि मोन्तेफाल्कोच्या द्राक्षबागा लाल होतात, मात्र पावसाची तयारी ठेवावी लागते. जुलैत पेरुजात १९७३ पासून चालत आलेला ‘उंब्रिया जॅझ’ महोत्सव आणि साधारण त्याच सुमारास स्पोलेतोत १९५८ पासूनचा ‘दोन जगांचा महोत्सव’ असतो. संगीतासाठी जायचे असेल तर ऊन सोसावे आणि खोली काही महिने आधी राखून ठेवावी. हिवाळ्यात खोऱ्यांत दिवसचे दिवस धुके साचते. गंमत अशी, की तेव्हा असिसी किंवा मोन्तेफाल्को धुक्याच्या वर उन्हात असते आणि खालचे खोरे पांढऱ्या तलावासारखे दिसते.

४. मुक्काम आणि वाहन ठरवावे

भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. पेरुजाला छोटा विमानतळ आहे, तरी बहुतेकांसाठी रोमला उतरून रेल्वेने येणेच सोयीचे ठरते.

रोमहून अँकोनाकडे जाणारा रेल्वेमार्ग तेर्नी, स्पोलेतो, फोलिन्यो असा जातो. फोलिन्योहून एक फाटा स्पेल्लो, असिसी, पेरुजा करत त्रासिमेनो तलावाच्या काठाने तेरोन्तोलापर्यंत पोहोचतो. ओर्विएतो वेगळ्या, रोम-फ्लॉरेन्स मार्गावर आहे. म्हणून ते येताना किंवा जाताना वाटेत उरकावे, मुक्कामाच्या ठिकाणाहून मुद्दाम जाऊ नये. स्थानिक गाड्यांचे कागदी तिकीट घेतले असेल तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवणे बंधनकारक आहे. तिकीट असूनही शिक्का नसेल तर दंड होतो, आणि त्या वेळी परदेशीपणाची सबब चालत नाही.

स्वतःची गाडी नसेल तर माझी पहिली शिफारस स्पेल्लो आणि दुसरी फोलिन्यो. फोलिन्यो हे खोऱ्यातले सपाट, कामकाजी शहर आहे, फारसे नटलेले नाही, पण जंक्शन असल्याने तिथून चारही दिशांना गाड्या मिळतात. स्पेल्लो एकच स्टेशन पुढे आहे, देखणे आहे आणि स्टेशनपासून गावाची रोमन वेस चालत गाठता येते. असिसीत राहण्याचाही एक फायदा आहे: संध्याकाळी दिवसभराचे यात्रेकरू उतरून गेल्यावर गाव शांत होते. मात्र असिसीचे स्टेशन खाली सांता मारिया देल्यी आंजेली या वस्तीत आहे आणि गाव तिथून काही किलोमीटर वर, त्यामुळे प्रत्येक सहलीला बसची जोड द्यावी लागते. गुब्बिओ आणि नॉर्चा येथे रेल्वे नाही. स्पोलेतो-नॉर्चा रेल्वे १९२६ साली सुरू झाली आणि १९६८ साली बंद पडली. तिच्या बोगद्यांतून आणि पुलांवरून आता सायकलींची व पायी चालणाऱ्यांची वाट गेली आहे. या गावांच्या बसगाड्या मोजक्या असतात आणि रविवारी त्याहूनही कमी. परतीच्या शेवटच्या बसची वेळ जातानाच टिपून ठेवावी.

गाडी भाड्याने घेणाऱ्याने आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्यावा. गाडी असेल तर शेतघरात, म्हणजे ‘आग्रितुरिझ्मो’त, राहावे. ही शेतघरे डोंगरउतारांवर अशी सुटी सुटी का विखुरलेली आहेत, यामागे इथल्या समाजाचा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथली शेती ‘मेझ्झाद्रिया’ पद्धतीची, म्हणजे आपल्याकडच्या अर्धेलीसारखी होती. जमीन आणि घर मालकाचे, राबणारे कुटुंब कुळाचे, उत्पन्न अर्धे-अर्धे. मालक शहरात राही आणि कूळ शेतावर, त्यामुळे प्रत्येक तुकड्यावर एक घर उभे राहिले, आणि कुटुंबाला सगळेच लागत असल्याने एकाच शेतात गहू, द्राक्षवेल, ऑलिव्ह आणि जनावरांचा चारा अशी सरमिसळ झाली. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार बंद झाले. त्याआधीच तरुण माणसे कारखान्यांकडे निघून गेली होती आणि घरे ओस पडली होती. पुढे त्यांतली कित्येक शहरी आणि परदेशी लोकांनी विकत घेतली, तर कित्येक शेतकऱ्यांनीच पाहुण्यांसाठी दुरुस्त केली. जो मऊ, रेखीव देखावा आपण निसर्ग म्हणून पाहतो, तो असा कुळांच्या कष्टाने घडलेला आहे. अशा घराकडे जाणारा शेवटचा रस्ता बहुधा पांढऱ्या खडीचा, कच्चा असतो. अंधार पडण्यापूर्वी पोहोचणे शहाणपणाचे.

५. गावात वरून शिरावे आणि खाली उतरत यावे

तटबंदीच्या आतील जुन्या भागात परक्या गाड्यांना बहुधा बंदी असते. वेशीवर ‘झेड.टी.एल.’ अशी पाटी आणि कॅमेरा असतो. पाटीकडे दुर्लक्ष करून आत गेल्यास दंडाचे पत्र काही महिन्यांनी भारतातल्या पत्त्यावरही येऊ शकते. म्हणून गाडी खालच्या वाहनतळावर ठेवावी आणि सरकते जिने, लिफ्ट किंवा दोरवाहिनी यांनी थेट सर्वांत वर जावे. उंब्रियातील गावांनी चढावर शोधलेले उपाय ही स्वतःच पाहण्याची गोष्ट आहे.

पेरुजात २००८ सालापासून ‘मिनीमेत्रो’ चालते. दोरखंडाने ओढले जाणारे, चालक नसलेले छोटे डबे रेल्वे स्टेशनजवळून डोंगराच्या पोटातून वरच्या चौकालगत नेऊन सोडतात. त्याहून विलक्षण आहेत ते पियाझ्झा पार्तिजानी येथून सुरू होणारे सरकते जिने, कारण ते रोक्का पाओलिनाच्या आतून जातात. पोप तिसरा पॉल याने १५४० साली पेरुजाचे बंड मोडून हा किल्ला बांधवला, आणि त्यासाठी बंडखोर बाल्योनी घराण्याची घरे, बुरूज आणि रस्ते यांवर छत घालून सगळे पोटात घेतले. वरचा किल्ला एकोणिसाव्या शतकात पेरुजाकरांनी पाडून टाकला. आज आपण सरकत्या जिन्याने चढतो ते त्या गाडल्या गेलेल्या गल्लीतून. रोज सकाळी नोकरदार माणसे हातात पिशव्या घेऊन त्याच वाटेने वर जातात.

ओर्विएतोत स्टेशनसमोरच दोरावरची रेल्वे उभी असते. ती जिथे सोडते, तिथे जवळच संत पॅट्रिकची विहीर आहे. १५२७ साली रोमची लूट झाल्यावर पोप सातवा क्लेमेंट ओर्विएतोला आश्रयाला आला आणि वेढा पडला तर पाणी असावे म्हणून त्याने ती धाकट्या अंतोनियो दा सांगाल्लोकडून खोदवली. विहीर पन्नास मीटरहून खोल आहे आणि तिच्यात एकमेकांना न भेटणारे दोन सर्पिल जिने आहेत, म्हणजे पाणी आणणारी गाढवे एका वाटेने उतरत आणि दुसऱ्या वाटेने चढत. प्रत्येक जिन्याला २४८ पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी काठावरूनच समाधान मानावे.

गुब्बिओहून इंजिनो डोंगरावर नेणारी दोरवाहिनी म्हणजे उभे राहायचे, पक्ष्याच्या पिंजऱ्यासारखे उघडे पाळणे. ते थांबत नाहीत. चालत्या पाळण्यात पाऊल टाकावे लागते, आणि कर्मचारी आपल्याला अक्षरशः आत ढकलतो.

असिसीत क्रम उलटा ठेवावा असे सुचवतो. बहुतेक लोक खालच्या टोकाला असलेल्या संत फ्रान्सिसच्या बॅसिलिकापासून सुरुवात करून दमतात. त्याऐवजी सकाळी लवकर वरच्या वेशीने निघून सुबासिओच्या रानातील एरेमो देल्ले कार्चेरी हा आश्रम गाठावा. गावापासून तो सुमारे चार किलोमीटरवर, ओकच्या दाट सावलीत आहे. फ्रान्सिस आणि त्याचे सोबती एकांतासाठी जिथे राहत त्या कपारी तिथे आहेत. मग उतरत चौकातल्या मिनर्व्हाच्या रोमन मंदिरावरून दुपारनंतर बॅसिलिकात जावे, तोवर सहलींच्या बस परतू लागलेल्या असतात. १२२६ साली संत फ्रान्सिस वारला आणि दोनच वर्षांनी बॅसिलिकाची पायाभरणी झाली. आधी कपारी आणि मग हे भव्य दुमजली चर्च पाहिले, म्हणजे निर्धन राहण्याचा आग्रह धरणाऱ्या माणसाभोवती केवढे वैभव उभे राहिले, ते न सांगता कळते. जुन्या गोव्यात असिसीच्या संत फ्रान्सिसचे चर्च पाहिलेल्या वाचकाला वरच्या चर्चमधील त्याच्या चरित्राची २८ भित्तिचित्रे अधिक परिचयाची वाटतील.

गावात फिरताना दुपारी एक ते चारच्या दरम्यान दुकाने आणि बरीच चर्चही बंद असतात, हे गृहीत धरावे. लोक मितभाषी आहेत. दुकानात शिरताना ‘बुओन्जोर्नो’, दुपारच्या जेवणानंतर ‘बुओनासेरा’ म्हटल्याशिवाय बोलणे सुरू करू नये. एका गावाची स्तुती दुसऱ्या गावात करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. आपापल्या घंटाघराच्या या अभिमानाला इटालियन भाषेत ‘काम्पानिलिझ्मो’ असा स्वतंत्र शब्दच आहे, आणि पेरुजा व फोलिन्यो यांच्यातली चढाओढ चहाच्या नव्हे, पण कॉफीच्या टपरीवर हमखास ऐकू येते.

६. एक दिवस पाण्याला, एक दिवस माथ्याला

तेर्नीजवळचा मार्मोरे धबधबा १६५ मीटर उंचीचा आहे, पण तो निसर्गाने केलेला नाही. इ.स.पू. २७१ साली रोमन सेनानी मानिउस कुरिउस देन्तातुस याने दलदलीचा निचरा करण्यासाठी वेलिनो नदीचे पाणी कालव्याने कड्याकडे वळवले आणि ते खाली नेरा नदीत पडू लागले. आज तेच पाणी वीजनिर्मितीसाठी वापरले जाते, म्हणून धबधबा ठरलेल्या वेळीच ‘सोडतात’. वेळापत्रक न पाहता गेल्यास ओल्या खडकांवर समाधान मानावे लागते. तेर्नी हे १८८४ पासूनचे पोलादाचे शहर आहे. पर्यटनपुस्तिका ते टाळतात, तरी उंब्रिया म्हणजे केवळ संत आणि ऑलिव्ह नव्हे, हे तिथे समजते.

त्रासिमेनो तलाव १२८ चौरस किलोमीटरचा, पण जेमतेम सहा मीटर खोल आहे. त्याला नैसर्गिक निचरा नाही, त्यामुळे पाऊस कमी पडलेल्या वर्षांत काठ बराच मागे सरतो आणि फेरीबोटींची अडचण होते. इ.स.पू. २१७ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने याच्या उत्तर काठावरच्या धुक्यात रोमन सैन्य कापून काढले. पास्सिन्यानोहून मज्जोरे बेटावर अर्धा दिवस घालवावा, तेवढा पुरे.

माथ्याचा दिवस मात्र जपून राखून ठेवावा. सिबिल्लिनी पर्वतातील कास्तेल्लुच्चो हे गाव १,४५२ मीटरवर आहे आणि त्याच्या पायाशी पियानो ग्रांदे नावाचे विस्तीर्ण, एकही झाड नसलेले पठार आहे. पठाराला बाहेर जाणारी नदी नाही. चुनखडीच्या नियमाप्रमाणे पाणी जमिनीतल्या एका विवरात उतरून नाहीसे होते. इथे मसूर पिकतो. मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत मसुराच्या शेतांत पिवळी रानमोहरी, लाल खसखशीची फुले आणि निळी कॉर्नफ्लॉवर एकामागून एक फुलतात, आणि पठार पट्ट्यापट्ट्यांनी रंगते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हे सगळे तण आहे. कास पठारासारखीच इथेही फुलांच्या शनिवार-रविवारी गर्दी उसळते आणि गाड्यांवर निर्बंध येतात, म्हणून आठवड्याच्या मधला वार निवडावा आणि सूर्योदयाला पोहोचावे. शेतात पाय टाकू नये. ते कुणाचे तरी पीक आहे. जूनमध्येही वर वारा बोचरा असतो, स्वेटर हवाच.

२०१६ च्या भूकंपात कास्तेल्लुच्चो जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झाले आणि खालच्या नॉर्चाचीही मोठी हानी झाली. नॉर्चात घरे तुलनेने ठेंगणी आणि तळाशी जाड, उतरत्या भिंतींची दिसतात. १८५९ च्या भूकंपानंतर घरांच्या उंचीवर मर्यादा घालणारे नियम इथे लागू झाले होते. दुकाने आणि खानावळी पुन्हा सुरू झाल्या आहेत. पडझडीचे फोटो काढत फिरण्यापेक्षा तिथे जेवावे.

७. ताटात काय मागावे

शाकाहारी प्रवाशाने नॉर्चाचे नाव सावधपणे घ्यावे. डुकराच्या मांसाचे प्रकार करणाऱ्या कसबी माणसाला इटलीत ‘नॉर्चिनो’ म्हणतात, तो याच गावावरून. डाळींच्या सुपातही डुकराच्या गालाची चरबी असू शकते, साध्या रोटीतही चरबी मळलेली असू शकते, आणि पेकोरिनो चीजमध्ये जनावराचे रेनेट, म्हणजे जठरातून काढलेले विरजण, असते. ‘सोनो वेजेतारिआनो’ (स्त्रियांनी ‘वेजेतारिआना’) एवढ्यावर न थांबता ‘सेन्झा कार्ने, सेन्झा ब्रोदो दी कार्ने’, म्हणजे मांस नको आणि मांसाचा रस्साही नको, असे स्पष्ट सांगावे.

एवढी काळजी घेतली तर मात्र उंब्रियासारखे शाकाहाराला सोयीचे प्रदेश थोडे आहेत, कारण डोंगरातल्या गरिबीने इथे डाळी आणि भरड धान्ये टिकवून ठेवली. ‘फार्रो’ नावाने जे धान्य मिळते, विशेषतः मोन्तेलेओने दी स्पोलेतोचे, ते म्हणजे आपला खपली गहू. ‘चिचेर्किया’ म्हणजे विदर्भातली लाखोळी. ‘तोर्ता आल तेस्तो’ ही गोल, जाड रोटी तव्यासारख्या तापलेल्या दगडावर किंवा बिडाच्या ताटावर भाजतात आणि मधे चिरून भरतात. चीज आणि परतलेली पालेभाजी भरलेली मागावी, आणि पिठात चरबी नाही ना, हे आधी विचारावे. पाव अळणी लागेल, ती स्वयंपाक्याची चूक समजू नये. १५४० साली पोपने मिठावर कर बसवला म्हणून पेरुजाकरांनी पावातून मीठच काढून टाकले, अशी गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. शेजारच्या तोस्कानातही पाव अळणीच असतो, हे त्या वेळी बोलून दाखवू नये.

घरी आणण्यासाठी कास्तेल्लुच्चोचा मसूर उत्तम. दाणा बारीक, रंग एकसारखा नसून तपकिरी, हिरवट, पिवळसर असा मिश्र असतो, आणि भिजत न घालताही तो अर्ध्या तासात शिजतो. याच नावाने बाहेरचा मसूरही खपवला जातो, म्हणून पाकिटावर ‘लेन्तिक्किया दी कास्तेल्लुच्चो दी नॉर्चा’ हे पूर्ण नाव आणि ‘आय.जी.पी.’चे, म्हणजे भौगोलिक मानांकनाचे, गोल चिन्ह पाहूनच पैसे द्यावेत. ऑलिव्ह तेल नोव्हेंबरात थेट घाणीवरून घ्यावे. ताजे तेल घशाला किंचित झोंबते, आणि तीच ताजेपणाची खूण आहे. डबा कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवावा, हातातल्या सामानात तो विमानात नेऊ देतीलच असे नाही.